शंभर वर्षांची चाकोरी

काल पुळणीवर तुम्ही किल्ला बांधलात आणि सकाळी जाऊन बघता तर भरतीने सगळं सपाट केलेलं. चिनू तर रडायलाच आली होती. ये चिनू, जवळ बस. जिथे शंभरेक वर्षांपूर्वीची चाकोरी अजून पुसली गेलेली नाही, अशा किनाऱ्याची गोष्ट सांगतो.

तो आहे पार पश्चिम ऑस्ट्रेलियात. पर्थहून उत्तरेला 700 किलोमीटरहून जास्त जायचं. लाल माती, खुरटी झुडपं, गावं विरळ. मग लागतं शार्क बे, आणि त्याच्या पोटात हॅमेलिन पूल नावाचं उथळ आखात. त्याच्या तोंडाशी समुद्री गवताने गाळ धरून धरून बांधच घातलाय. खवळलेल्या लाटा बाहेरच थबकतात, आतलं पाणी लवकर बदलत नाही. त्यात कडक ऊन, पाऊस नावाला. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. आपल्या समुद्राच्या दुप्पट खारट!

अशा पाण्यात शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायींचा निभाव लागत नाही. म्हणून तिथे एक फार जुनं बिऱ्हाड सुखाने नांदतंय. काठावर काळपट, गुडघ्याएवढे गोटे दिसतात. दगडच वाटतात. पण त्यांच्यावर सायीसारखा चिकट पापुद्रा असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा. वाळूचे कण त्याला चिकटतात, पाण्यातला चुना साचतो, जिवाणू उजेडासाठी वर सरकतात. थरावर थर. वर्षभरात वाढ अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! यांना म्हणतात स्ट्रोमॅटोलाइट. त्याच राज्यात पिलबारा भागात अशाच थरांचे सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीचे अश्म सापडलेत. तुम्ही आत्ता घेतलात ना श्वास, तो प्राणवायू हवेत पहिल्यांदा भरला तो असल्याच जिवाणूंनी. मला तर त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

पूर्वी तिथून लोकरीचे गठ्ठे बाहेर जात. पाणी उथळ, जहाज लांब उभं. गाड्या गठ्ठे घेऊन काठापर्यंत येत, पुढे लहान होड्या. त्या गाड्यांची चाकं या पापुद्र्यावरून गेली.

‘मग आजोबा, आता जवळून बघायचं कसं?’

पाय ठेवायचाच नाही, बाळा. पाण्यावरून लाकडी वाट केली होती, तीही 2021च्या चक्रीवादळात मोडली. आणि त्या दोन चाकांच्या रेघा? त्या अजून भरून यायच्या आहेत.