कचेरीचं बिऱ्हाड

घर बदलायचं ठरलं की घरची गृहिणी सगळ्यात आधी स्वयंपाकघराचा विचार करते. गॅस कधी जोडून मिळेल, दूधवाला कोण, पहिल्या दिवशी सकाळी मुलांच्या डब्यात काय द्यायचं, हे तिचे पहिले प्रश्न. दिवाणखान्यात सोफा कुठल्या भिंतीला लावायचा हा तिच्या लेखी शेवटचा. कचेरी बदलायची ठरली की मात्र नेमकं उलटं होतं. पहिली बैठक भरते ती फर्निचरसाठी. दुसरी साहेबांच्या केबिनसाठी. या सगळ्या धामधुमीत काम कसं चालू राहायचं, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी आठवतो.

मालवाहतूक आणि कस्टम क्लिअरिंग करणाऱ्या एका कंपनीच्या प्रशासन विभागात मी बरीच वर्षं काढली. कचेरी हलवण्याची जबाबदारी दोनदा माझ्याकडे आली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, की टेबलं-खुर्च्या हलवायला हमाल आणि टेम्पो पुरतात. काम हलवायला मात्र काही महिने आधीपासून डोकं लावावं लागतं.

हा विषय निघाला की आपल्याकडे महंमद तुघलकाचं नाव निघतंच. १३२७ च्या सुमारास त्याने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांत दरबार परत दिल्लीला नेला. तेव्हापासूनच्या या बदनामीतून ‘तुघलकी कारभार’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत मुरला. पण त्याची मूळ कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. दक्षिणेवर नजर ठेवायला जागा सोयीची होती, किल्ला बेलाग होता, वाटेवर मुक्कामांची सोयही केली होती. चुकलं ते माणसांचं गणित. पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीत रुजलेली मंडळी हुकमावरून निघाली खरी, पण इथे रुजली नाहीत.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरातच आहे. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं. त्यानुसार मुंबईचं सरकार बहुतेक हिवाळ्यांत थोड्या दिवसांसाठी नागपूरला बिऱ्हाड थाटतं. मंत्र्यांची सोय रविभवन आणि नागभवनात, कर्मचाऱ्यांची ‘१६० खोल्यांच्या गाळ्यां’त. कोणत्या खात्याच्या कोणत्या फायली गाडीत चढवायच्या आणि कोण मुंबईतच थांबायचं, याची घडी इतक्या वर्षांत बसली आहे. नागपूरच्या खर्चावर वाद जरूर व्हावेत. पण सगळं कार्यालय उचलून न्यायचं नसतं, कामापुरतं न्यायचं असतं, हा धडा त्यात आहे.

एका रात्रीत विमानतळ

हलवाहलवीच्या नियोजनाचा मोठा नमुना म्हणून मी नेहमी हाँगकाँगचं उदाहरण देतो. १९९८ च्या ५ जुलैच्या रात्री तिथला काई ताक विमानतळ बंद झाला आणि ६ जुलैच्या सकाळी चेक लॅप कोक इथला नवा विमानतळ सुरू झाला. मधल्या काही तासांत यंत्रं, वाहनं, सामानसुमान रस्त्याने आणि बोटींनी नव्या बेटावर पोहोचलं. ही हलवाहलव पाहून जग थक्क झालं. पण सकाळ उजाडली आणि नव्या मालटर्मिनलची संगणक यंत्रणा कोसळली. मालाचे डोंगर साचले, माल स्वीकारणं बंद करावं लागलं आणि शेवटी जुन्या काई ताकमधलं मालटर्मिनल पुन्हा उघडावं लागलं. घडी बसायला कित्येक आठवडे गेले. पुढे चौकश्या झाल्या.

म्हणजे सामान वेळेवर पोहोचलं. काम पोहोचलं नाही. आणि सावरता आलं ते जुनी जागा मोडून टाकली नव्हती म्हणून. आमच्या कंपनीने फोर्टातून वांद्रे-कुर्ला संकुलात जायचं ठरवलं, तेव्हा मी पहिली मागणी केली ती हीच : जुन्या जागेचं भाडं आणखी एक महिना भरायचं, आणि तिथे चार टेबलं, एक संगणक आणि एक फोन तसाच ठेवायचा. वरिष्ठांना हा खर्च फुकट वाटत होता. मी म्हटलं, हा विम्याचा हप्ता समजा.

मुहूर्त काढला तो पंचांगात बघून नव्हे, तर सुट्ट्यांच्या यादीत. २००९ साली २६ जानेवारी सोमवारी आली होती. शुक्रवारी संध्याकाळी काम थांबवायचं आणि मंगळवारी सकाळी नव्या जागेत सुरू करायचं. पावसाळा नाही, पगाराचा आठवडा नाही, मार्चअखेरीची घाई नाही. दक्षिण मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा बंधनं असतात, म्हणून सामान रात्री उतरवायचं. आमच्या इमारतीची लिफ्ट जाळीच्या दरवाजाची, चार माणसांची. तिच्यातून कोणतं कपाट उतरेल आणि कोणतं जिन्याने न्यावं लागेल, हे टेप घेऊन आधी मोजलं. लोखंडी तिजोरीसाठी तर वेगळी माणसं सांगावी लागली.

प्रत्येक विभागाला एक रंग, प्रत्येक खोक्याला एक क्रमांक. चिठ्ठी खोक्याच्या वर लावायची नाही, बाजूंना लावायची. कारण खोकी एकावर एक रचली की वरची चिठ्ठी दिसतच नाही. संगणकावरच्या माहितीच्या दोन प्रती केल्या आणि त्या दोन वेगळ्या गाड्यांतून, दोन वेगळ्या माणसांच्या हातात पाठवल्या. त्याआधीच्या आठवड्यात दहा जणांना नव्या जागेत बसवून दिवसभर खरं काम करायला लावलं. नाटकाची रंगीत तालीम असते तसंच. छपाईयंत्र एका बाजूला आणि त्याचा प्लग दुसऱ्या बाजूला आहे, हे त्या दिवशी कळलं. मंगळवारी कळलं असतं तर शंभर माणसं खोळंबली असती.

कागद, पत्ता आणि रद्दी

जुनी कचेरी सोडताना माणूस कागदांना नको तेवढा चिकटतो. हिशेबाची पुस्तकं कंपनी कायद्यानुसार आठ आर्थिक वर्षं सांभाळावी लागतात. मालमत्तेची कागदपत्रं, करार आणि चालू दावे यांचा कायमचा गठ्ठा वेगळा. बाकीच्यावर डोळस नजर फिरवून रद्दी काढावी. ती नव्या जागेत नेऊन तिथलं महागडं भाडं तिच्यासाठी भरण्यात शहाणपण नाही. उलट जे महत्त्वाचं आहे त्याची प्रत दुसऱ्या जागी हवीच. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले, माणसं दगावली आणि असंख्य फायलींची राख झाली. त्यानंतर कित्येक खाती जी. टी. रुग्णालयाच्या आवारासारख्या ठिकाणी बसवावी लागली. ते स्थलांतर कोणी आखलेलं नव्हतं. ज्या कागदाची दुसरी प्रत होती त्याचंच काम पुढे चाललं.

पत्ता बदलल्याचं कळवायच्या जागांची यादी करायला बसलो की ती संपत नाही. आता कंपनी निबंधकांना नोंदणीकृत कार्यालय बदलल्याचं ३० दिवसांत कळवावं लागतं, जीएसटीच्या नोंदणीत दुरुस्तीचा अर्ज १५ दिवसांत करावा लागतो. बँक, भविष्य निर्वाह निधी, विमा, टपाल कार्यालय हे वेगळंच. आमच्या वेळी फोनचा मोठा घोळ असे. एक्स्चेंज बदललं की नंबर बदले. म्हणून जुन्या फोनजवळ सहा महिने एक माणूस बसवला, फक्त नवा नंबर सांगायला. गिऱ्हाईक एकदाच फोन करतं. वाजत राहिला तर दुसऱ्याकडे जातं.

परतीची जागा

हे सगळं झालं वस्तूंचं. खरा पेच होता तो माणसांचा. मुंबईचा मोठा नकाशा आणून आम्ही प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी एक टाचणी टोचली. डोंबिवली, कल्याण, बदलापूर इथे टाचण्यांची दाटी झाली. कागदावर सगळं चांगलं दिसत होतं. फोर्टापेक्षा कुर्ला जवळ. प्रवासाचे किलोमीटर कमी. एका वरिष्ठांनी तर ‘लोक खूष होतील’ म्हणून सांगूनही टाकलं.

लोक खूष नव्हते. त्याचं कारण हिशेब विभागातल्या एका बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं : ‘संध्याकाळी व्हीटीला गाडी रिकामी येते, मला बसायला मिळतं. कुर्ल्याला मला चढायलाही मिळणार नाही.’ डोंबिवलीच्या त्या तासाभराच्या बैठकीत भाजी निवडायची, डोळे मिटायचे, मैत्रिणींशी चार शब्द बोलायचे. घरी गेल्यावर पुन्हा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. आमच्या स्थलांतराने त्यांचे किलोमीटर वाचत होते आणि दिवसातला एकमेव विसावा जात होता. कंपनीच्या कुठल्याही तक्त्यात या विसाव्याला रकाना नव्हता.

आणि या बाईंच्या डोक्यात पंधरा वर्षांचे व्यवहार होते. कोणता ग्राहक बिल कधी भरतो, कोणाशी कसं बोलायचं, कोणत्या नोंदीत काय भानगड आहे. त्या नोकरी सोडून गेल्या असत्या तर काम जितकं अडलं असतं, तितकं एखादा टेम्पो खड्ड्यात जाऊनही अडलं नसतं. मग आम्ही वेळा बदलल्या. ज्यांना हवं त्यांनी सकाळी लवकर यावं आणि गर्दीच्या आत निघावं. कुर्ला आणि वांद्रे स्थानकापर्यंत कंपनीची बस ठेवली. काही जणी कुर्ल्याहून उलट दादरपर्यंत जाऊन बसून येऊ लागल्या. त्यांना पंधरा मिनिटं आधी सोडायचं ठरलं. डबेवाल्यांच्या मुकादमांना पंधरा दिवस आधी भेटून नवा पत्ता दिला, कारण डब्यावरची खूण बदलली नाही तर डबा फोर्टातच उतरतो.

तरीही काही जण गेलेच. कोपऱ्यावरचा चहावाला, झेरॉक्सवाला, पोळीभाजी केंद्र यांना तर आमच्याबरोबर येता येत नव्हतं. कचेरी नेहमी एका वस्तीत नांदते. हिऱ्यांच्या व्यापाराचंच बघा. भारत डायमंड बोर्स २०१० साली संकुलात उघडलं, पण ऑपेरा हाऊसच्या पंचरत्नमधली दलालीची, पायी चालत एका ऑफिसातून दुसऱ्यात जाण्याची सवय लगेच हलली नाही. शेजारी आल्याशिवाय व्यापारी येत नव्हता आणि तो येईपर्यंत शेजारी थांबत होता.

आता दिवस बदलले. माहिती दूरच्या सर्व्हरवर असते, लॅपटॉप पिशवीत येतो, भुयारी मेट्रो संकुलातून जाते. २०२० च्या मार्चमध्ये तर देशभरातल्या कचेऱ्या काही दिवसांत घरांघरांत पोहोचल्या. टेबल-खुर्ची जागच्या जागी राहिली आणि काम पुढे गेलं. हलवायच्या आठवड्यात लोकांना घरून काम करू देण्याची सोय आम्हाला तेव्हा असती तर निम्मा घोर कमी झाला असता. पण डोंबिवलीची गाडी तीच आहे आणि गर्दीही तीच.

म्हणून तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कोणाच्या कचेरीचं बिऱ्हाड हलणार असेल, तर नव्या इमारतीची चित्रं बघण्याआधी काही गोष्टी विचारा. जुनी जागा किती दिवस राहणार आहे? तालीम कधी आहे? वेळा बदलता येतील का? आणि मुख्य म्हणजे, कोण कुठून येतं हे कोणी नकाशावर बघितलंय का? हे विचारायला लाजू नये. वरच्या मजल्यावर बहुतेक वेळा ते कोणाला सुचलेलं नसतं, आणि वेळेवर सांगितलं तर बदलता येण्यासारखं असतं.