सोमेश्वराचा गळ आणि गोदावरीचा मासा

गळाने मोठा मासा खेळवणं ही साहेबांनी आणलेली हौस, असा आपल्याकडे पक्का समज आहे. सुट्टीत गोव्याला किंवा मालवणला गेलेली आपल्या भागातली मंडळी भाड्याच्या बोटीतून समुद्रात जातात, हातात जाडजूड काठी धरतात, सुरमईबरोबर फोटो काढतात, आणि परत येताना वाटतं की आपल्या कोरड्या मुलखात असलं काही नाही. मला या समजाचं फार वाईट वाटतं. कारण या खेळाबद्दल लिहिलेला भारतातला एक अत्यंत महत्त्वाचा जुना मजकूर लातूरच्या शेजारी लिहिला गेला आहे.

निलंग्याहून कर्नाटकात शिरलं की काही अंतरावर बसवकल्याण लागतं. तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. देगलूरजवळच्या होट्टलची मंदिरं पाहिलेल्या माणसाला हे चालुक्य परके नाहीत. त्यांच्यातला तिसरा सोमेश्वर हा राजा ११२६च्या सुमारास गादीवर आला आणि त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. ११२९ हे त्याचं साल मानतात. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही त्यातली नोंद मराठीचे अभ्यासक नेहमी सांगतात. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे, आणि ते मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी उघडतं.

त्यात समुद्रातले मासे आणि नदीतले मासे वेगळे केले आहेत. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान अशी वर्गवारी आहे. कोणत्या माशाला कोणतं खाद्य आवडतं, पाण्यात आधी चारा टाकून मासे एका जागी कसे आणावेत, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, हे सगळं राजाने सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला. महसीर या माशाचा खेळाचा मासा म्हणून जुन्यात जुना उल्लेख अभ्यासक याच प्रकरणात दाखवतात.

महसीर म्हणजे नदीतला मल्लच. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी मोठी खवलं, ओठाशी मिशांच्या दोन जोड्या आणि तोंडात एकही दात नाही. दात आहेत ते घशात. खेकडा, शिंपला, नदीकाठच्या झाडाचं पडलेलं फळ, जे मिळेल ते तो गिळतो आणि घशात चिरडतो. त्याला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात पूर आला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. रोहूसारख्या माशाच्या मानाने त्याची अंडी कमी असतात, त्यामुळे एकदा संख्या घटली की ती भरून यायला वेळ लागतो.

दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव मिळालं ते आपल्याच पाण्यावरून. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेला कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनभर हिंडून पिकं, पक्षी, मासे, माणसं सगळ्यांची टिपणं काढत होता. १८३९मध्ये त्याने दख्खनच्या माशांची यादी प्रसिद्ध केली, त्यात पुण्याच्या मुळा-मुठेत मिळालेला हा मासा ‘खुद्री’ या स्थानिक नावासकट नोंदवला. आज जगभर तो ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. मावळात याच माशाला खडशी म्हणतात. ज्या मुळा-मुठेवरून त्याची ओळख जगाला झाली, ती आज शहराचं सांडपाणी वाहून नेते.

पुढे साहेबांनी हा खेळ खूप वाढवला, हेही खरं. मद्रास इलाख्यातला अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३मध्ये निघालं आणि विलायतेतल्या सामन माशापेक्षा महसीर जास्त झुंजतो, ही गोष्ट त्याने इंग्रज वाचकांच्या गळी उतरवली. जिम कॉर्बेटने नरभक्षक वाघांवरच्या आपल्या पुस्तकातही एक प्रकरण महसीरला दिलं. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने १९४६मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर काढला. गळाने काढलेल्या महसीरचा तोच विक्रम आजही सांगितला जातो.

स्वातंत्र्यानंतर हा खेळ विसरला गेला होता. १९७७मध्ये ‘ट्रान्सवर्ल्ड फिशिंग टीम’ या नावाने तीन तरुण इंग्रज महसीर शोधत भारतात आले, कावेरीवर त्यांना मोठे मासे मिळाले आणि जगाचं लक्ष पुन्हा इकडे वळलं. त्यानंतर कावेरीकाठी भीमेश्वरी, दोड्डमकली, गालीबोरे या ठिकाणी तंबूंचे कॅम्प उभे राहिले. नियम असा की मासा धरायचा, वजन करायचं, फोटो घ्यायचा आणि जिवंत सोडायचा.

तिथलं मासे धरणं जवळून पाहण्यासारखं होतं. आमिष म्हणजे नाचणीचं घट्ट शिजवलेलं पीठ, लिंबाएवढा गोळा, गळाभोवती दाबून बसवलेला. वर शिशाचं वजन. गळ खडकांमधल्या वेगवान पाण्यात टाकायचा आणि तंगुसावर बोट ठेवून बसायचं. लहान मासे गोळ्याला टोचत राहतात, ती टकटक बोटाला कळते. महसीर टोचत नाही. तो गोळा घेऊन एकदम प्रवाहाबरोबर खाली सुटतो, रीळ किंचाळू लागतं आणि शंभर मीटर दोर डोळ्यांदेखत जातो. आता ओढाताण केली तर तंगूस खडकाच्या धारेवर कापला जातो. म्हणून नावाडी गोल टोपलीसारखी होडी, तिकडच्या भाषेत हरिगोल, पाण्यात ढकलतो आणि गळ टाकणारा, नावाडी आणि मासा तिघेही नदीबरोबर खाली जातात. मासा एखाद्या खडकामागे बसून राहतो. मग नावाडी होडी फिरवून दुसऱ्या बाजूने दोर सोडवतो. हा नावाडी बहुतेक वेळा पूर्वी जाळं किंवा सुरुंगाची दारू टाकून मासे मारणाऱ्यांपैकीच असे. त्याला नदीतला खडक न् खडक पाठ, आणि आता त्याचा पगार मासा जिवंत राहण्यावर अवलंबून. या व्यवस्थेचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते याच कारणासाठी.

२०१० नंतरच्या काही वर्षांत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अंमलबजावणीत अभयारण्यातले हे खेळ बंद झाले. पण कॅम्पमध्ये रोज लिहिलेल्या वह्या उरल्या: कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, किती वजनाचा. मत्स्यशास्त्रज्ञ एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी तपासल्या. सहा हजारांहून जास्त महसीर त्यांत होते. त्यातून जे बाहेर आलं ते धक्कादायक होतं.

कावेरीचा मूळचा महसीर वेगळा आहे: पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोंवर जाणारा. विक्रमी वजनांची कीर्ती त्याचीच. वह्यांमध्ये हा मासा वर्षागणिक कमी होत गेलेला दिसला आणि निळ्या परांचा महसीर वाढत गेलेला. हा निळ्या परांचा मासा आपल्याकडून गेलेला होता. लोणावळ्याला वळवण तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकात महसीरचं बीज तयार करण्याचं केंद्र चालवलं. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महसीरच्या कृत्रिम प्रजननाचा पाया घातला. काम प्रामाणिक आणि मोलाचंच होतं. संपत चाललेल्या माशाची लाखो पिल्लं तयार झाली आणि महसीर वाचवायचा म्हणून ती देशात ठिकठिकाणी, कावेरीतही सोडली गेली. महसीर सगळे सारखेच, असं तेव्हा मानलं जात होतं.

२०१८मध्ये कावेरीच्या मूळ माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. आपल्या टॉर खुद्रीला मात्र धोक्याच्या यादीतून काढून सर्वांत कमी चिंतेच्या गटात ठेवलं. एक मासा वाचवताना दुसऱ्याच्या घरात आपण गर्दी केली. मासा त्याच्या नदीचा असतो. ही गोष्ट कळायला वैज्ञानिकांना हौशी लोकांच्या वह्या लागल्या, हे मला विसरता येत नाही.

महाराष्ट्रात महसीर वाचवण्याची दुसरी, फार जुनी रीत आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथला डोह वरदायिनी देवीचा मानतात आणि त्यातले मासे देवीचे. कोणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. येणारा माणूस कुरमुरे टाकतो आणि हातभर लांबीचे महसीर वर येतात. वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसेश्वराच्या डोहातही अशीच राखण आहे. इथे बाहेरून बीज आणलेलं नाही. नदी आहे, डोह आहे आणि न मारण्याचा नियम आहे.

ज्यांना समुद्राचाच ओढा आहे त्यांच्यासाठी थोडं. मोठ्या बोटीवरचा खेळ वेगळा असतो. बोट संथ चालू ठेवून मागे चार-पाच काठ्यांचे बनावट मासे ओढत न्यायचे, एकीला झटका बसला की बाकीचे दोर लगेच गुंडाळायचे. रिळाचा ब्रेक दोराच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर लावलेला असतो, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोर तुटण्याऐवजी सुटतो आणि मासा दमतो. १९५३मध्ये पेरूच्या काबो ब्लांको किनाऱ्यावर आल्फ्रेड ग्लासेलने १,५६० पौंडांचा काळा मार्लिन याच तत्त्वावर आणला. आपल्याकडे अशा माशांसाठी लोक अंदमानला जातात. कोकण-गोव्यात मुख्यतः सुरमई, टूना, बाराकुडा. बोट ठरवताना ती नोंदणीकृत आहे का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि धरलेला मासा बोटवाल्याचा की आपला, हे आधीच विचारावं. सोडायचा असेल तर गोल वळणाचा, जबड्याच्या कोपऱ्यात अडकणारा गळ मागावा. हात ओले करून मासा धरावा, शेपटीला उलटा लटकवू नये. महाराष्ट्रात जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ.

आता आपल्या पाण्याकडे. नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयावर पहाटे भोई मंडळी थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी काढताना दिसतात. त्यात कटला, रोहू, मृगळ, चिलापी. नशीब असलं तर मरळ, वाम, शिवडा. कटला वीस किलोंच्या पुढे गेला की काठावर गर्दी जमते. पण कटला, रोहू, मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या नद्यांतले. आपल्याकडे धरणांत त्यांचं बीज सोडलं जातं, कारण साठलेल्या पाण्यात ते विणत नाहीत. त्यांनाही पुराचं वाहतं पाणी लागतं. आणि गोदावरी तर ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, अंतेश्वर, विष्णुपुरी, आमदुरा, बळेगाव, बाभळी अशा बंधाऱ्यांनी पायऱ्यापायऱ्यांची झाली आहे. लातूरकडे मांजरेचं त्याहून कठीण. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा नदीतल्या डोहांत काय उरलं असेल याची कल्पना करवत नाही. सुकणाऱ्या डोहातला मोठा मासा, म्हणजे जास्त अंडी देणारी वयस्क मादी, आधी मरते किंवा आधी सापडते.

शेती आणि पिण्याचं पाणी यांच्यापुढे माशाचा हक्क मागायला मी बसलेलो नाही. पण एक दार आपल्याकडे आपोआप उघडं असतं. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ला निकाल दिला, त्यानुसार त्याचे १४ दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. हा वाद दोन राज्यांच्या पाण्याचा होता, माशाचं नावही त्यात नव्हतं. पण हे चार महिने नेमके माशांच्या चढणीचे आहेत. खाली श्रीरामसागर जलाशयातून किती आणि कोणते मासे या काळात वर येतात, हे मोजून ठेवलं पाहिजे.

त्यासाठी मोठा खर्च नाही. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतात. हौसेने गळ टाकणाऱ्यानेही त्यांची परवानगी घेऊनच बसायचं. संस्थेच्या वजनकाट्याशी एक वही ठेवावी. तारीख, घाट, माशाचं स्थानिक नाव, वजन, लांबी, पोटात गाभोळी होती की नाही, जाळ्यात आला की गळाला. बाभळीला एक, विष्णुपुरीला एक, मांजरेवर धनेगावला एक. गळवाल्यांनी पाच किलोंवरची मादी मोजून परत सोडावी आणि तेही वहीत लिहावं. मत्स्यबीज सोडायच्या आधी ती वही कोणीतरी वाचावी, आणि दरवर्षी तेच तीन मासे ओतण्याऐवजी शिवडा, मरळ, वाम या इथल्याच माशांकडे बघावं. निलंगा, उदगीर, देगलूरच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. येत्या १ जुलैला बाभळीचे दरवाजे उचलले जातील तेव्हा त्यांच्यातल्या दोघाचौघांनी भोयांच्या शेजारी उभं राहून पहिलं पान लिहायला घ्यावं.