वळसा घेणारा ठोसा

मधल्या सुट्टीत दोन मुलांची मारामारी जुंपलेली तुम्ही कधी तरी पाहिली असेल. (पाहिली असेल, केली नसेल, असे मी धरून चालतो.) त्या वेळी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? चिडलेला मुलगा आधी हात पाठीमागे नेतो. मग बाहेरच्या बाजूने मोठा वळसा देऊन तो समोरच्याच्या तोंडाकडे फिरवतो. हे त्याला कोणीही शिकवलेले नसते. राग आला, की माणसाचा हात आपोआप असाच फिरतो.

तुम्ही घरी ज्याला 'मुक्का' किंवा 'घूँसा' म्हणता, त्याला मराठीत ठोसा, गुद्दा किंवा बुक्की म्हणतात. मराठीत 'मुका' असाही एक शब्द आहे, पण त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. तो तुमच्या मराठीच्या शिक्षकांना विचारा, म्हणजे वर्गात थोडी गंमत होईल.

असा हात फिरवणारा मुलगा पुढे कराटेच्या किंवा बॉक्सिंगच्या वर्गात गेला, की शिक्षक पहिल्याच दिवशी त्याला अडवतात. "हात फिरवू नकोस. सरळ मार. फिरवलास तर उघडा पडशील," असे ते सांगतात. 'उघडा पडणे' म्हणजे आपल्या अंगाची बचाव नसलेली जागा समोरच्याला मोकळी मिळणे.

शिक्षकांचे हे म्हणणे खरे आहे का? बरेचसे खरे आहे. पण नामवंत मुष्टियोद्ध्यांच्या लढती पाहिल्या, तर त्यांतले कित्येक जण वळणदार ठोसे मारून जिंकलेले दिसतात. मग ते उघडे कसे पडले नाहीत?

आधी थोडे गणित करू. तुमची मूठ आणि समोरच्याची हनुवटी यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर आहे असे समजा. सरळ ठोशाला ६० सेंटिमीटरच जावे लागते. फिरवलेला ठोसा अर्धवर्तुळातून जातो असे धरा. त्या वर्तुळाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. अर्ध्या परिघाची लांबी २२/७ गुणिले ३०, म्हणजे सुमारे ९४ सेंटिमीटर. दीडपटीहून जास्त! शिवाय मारण्याआधी हात मागे नेला, तर ते अंतर वेगळेच. दोघांनी एकाच क्षणी हात उचलला आणि दोघांचा वेग सारखा असला, तर सरळ मारणाऱ्याची मूठ आधी पोहोचते. वळसा घेणारी मूठ तेव्हा अजून वाटेतच असते.

आता एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा. दोन्ही मुठी हनुवटीजवळ आणि दोन्ही कोपरे बरगड्यांजवळ ठेवा. या पवित्र्यात तुमचा चेहरा आणि पोट बऱ्यापैकी झाकलेले असते. मग उजवा हात अगदी सावकाश बाहेरून फिरवा आणि अर्ध्या वाटेवर थांबा. आरशात काय दिसते? उजवा गाल मोकळा आहे. हनुवटी मोकळी आहे. कोपर वर गेल्यामुळे काखेखालच्या बरगड्याही मोकळ्या आहेत. समोर कोणी असता, तर त्याचा डावा हात आणि तुमची हनुवटी यांच्यामध्ये आडवे यायला काहीच उरले नसते. आणि तुमचा डावा हात कुठे आहे तेही पाहा. बहुतेकांचा तो नकळत छातीपर्यंत खाली आलेला असतो.

ठोसा चुकला तर आणखी पंचाईत होते. सरळ ठोसा चुकला, तर हात आलेल्या वाटेनेच झटकन मागे घेता येतो. जोराने फिरवलेला ठोसा चुकला, की हाताबरोबर सगळे अंग फिरते, खांदा पुढे जातो आणि पायांचा तोल सुटतो. अंग सावरून पुन्हा पवित्रा घेईपर्यंतचा क्षण समोरच्याचा असतो.

हे सारे घडलेली एक प्रसिद्ध लढत आहे. ३० ऑक्टोबर १९७४ या दिवशी आफ्रिकेतील किन्शासा शहरात ती झाली. त्या देशाचे नाव तेव्हा झाईर होते. आज त्याला काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात. एका बाजूला मुहम्मद अली होता, वय ३२. दुसऱ्या बाजूला जॉर्ज फोरमन होता, वय २५. फोरमन त्या वेळचा जगज्जेता होता. तोवरच्या ४० लढतींपैकी एकही तो हरला नव्हता, आणि ३७ वेळा त्याने समोरच्याला ठराविक वेळेआधीच गारद केले होते. ज्या जो फ्रेझरने अलीला हरवले होते, त्याला फोरमनने १९७३ साली दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते. अलीला मोठी दुखापत तर होणार नाही ना, अशी भीती त्याच्या चाहत्यांना वाटत होती.

फोरमनचे ठोसे म्हणजे हातोड्याचे घावच. पण ते रुंद असत. हात बाहेरून मोठ्या वळणाने येत. पहिल्या फेरीत अलीने या वळणांच्या मधल्या मोकळ्या जागेतून उजव्या हाताचे सरळ ठोसे मारले. दूर असलेल्या उजव्या हाताने आधी मारायला सहसा कोणी धजत नाही, कारण त्यात मारणाराच उघडा पडण्याचा धोका असतो. पण फोरमनचे हात बाहेरून येत असल्यामुळे मधला रस्ता रिकामा होता, आणि अलीचे ठोसे त्याच्या तोंडावर बसले.

दुसऱ्या फेरीपासून अलीने कोणाच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट केली. तो रिंगणाच्या दोरांना टेकून उभा राहिला. दोन्ही हात तोंडासमोर, कोपरे बरगड्यांवर. फोरमन हात फिरवून मारत राहिला. त्याचे बरेच ठोसे अलीच्या दंडांवर आणि कोपरांवर आदळले, काही नुसतेच हवेत गेले. काही मात्र बरगड्यांवर बसले, आणि ते हलके नव्हते. दोन फटक्यांच्या मध्ये फट मिळाली, की अली एखाददुसरा सरळ ठोसा हाणी. रात्र उकाड्याची होती. फेरीमागून फेरी गेली, तसे फोरमनचे हात जड झाले. हात जड झाले, की वळसा आणखी मोठा आणि आणखी संथ होतो. आठव्या फेरीचे शेवटचे काही सेकंद उरले असताना अली दोरांपासून सुटला आणि त्याने भराभर ठोसे मारले. शेवटचा, उजव्या हाताचा सरळ ठोसा फोरमनच्या तोंडावर बसला. फोरमन गोल फिरत खाली कोसळला आणि पंचांचे दहा अंक मोजून होईपर्यंत त्याला उठता आले नाही.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, शिक्षकांचेच खरे. थांबा. आपण साडेतीन वर्षे मागे जाऊ.

८ मार्च १९७१. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अली आणि जो फ्रेझर यांची पहिली लढत. फ्रेझर अलीपेक्षा बुटका होता आणि त्याचे हातही आखूड होते. सरळ ठोशांच्या देवाणघेवाणीत त्याचा निभाव लागणे कठीण होते. म्हणून तो वाकत, डोके हलवत अलीच्या अगदी जवळ शिरत असे आणि तिथून डाव्या हाताचा 'हुक' मारत असे. हुक म्हणजे आकडा. हाही वळणदार ठोसाच. पंधराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत असाच एक हुक अलीच्या जबड्यावर बसला आणि अली पाठीवर पडला. तो लगेच उठला, पण लढत फ्रेझरने जिंकली.

फ्रेझरच्या या डाव्या हाताची एक हकिकत आहे. लहानपणी एक दांडगे डुक्कर त्याच्या मागे लागले. पळताना तो पडला आणि त्याचा डावा हात दुखावला. घरची गरिबी, डॉक्टरकडे नेणार कोण? हात तसाच जुळून आला आणि पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. हुक मारायला तो जणू कायमचा वाकवून ठेवल्यासारखा झाला, असे फ्रेझर स्वतःच सांगत असे.

फ्रेझरचा हुक आणि फोरमनचा फिरवलेला हात यांत फरक कोणता? हुक मारताना कोपर साधारण काटकोनात वाकलेले असते. मूठ फार दूर जात नाही. फिरते ते अंग. पाय, कंबर आणि खांदा एकदम वळतात आणि वाकलेला हात त्यांच्याबरोबर येतो. हात मागे न्यावा लागत नाही, म्हणून समोरच्याला आगाऊ सूचना मिळत नाही. दुसरी मूठ हनुवटीपाशीच असते. आणि मारणारा इतका जवळ असतो, की समोरच्याला हात सरळ लांबवायला जागाच मिळत नाही. जुना जगज्जेता जॅक डेम्प्सी याने १९५० साली मुष्टियुद्धावर एक पुस्तक लिहिले. हुक मारताना कोपर जितके उघडावे, तितका तो ठोसा बिघडत जातो, असे त्याने त्यात बजावले आहे.

समोरच्याने दोन्ही हात तोंडापुढे धरले, की सरळ वाट बंद होते. मग बाजूने जाणेच भाग असते. शिवाय बाजूने येणारी मूठ डोळ्यांच्या कडेला असते, ती उशिरा दिसते. म्हणून वळणदार ठोसा कोणत्याही चांगल्या योद्ध्याने टाकून दिलेला नाही.

उलट सरळ ठोसा मारणाराही उघडा पडू शकतो. १९३६ साली अमेरिकेचा तरुण जो लुईस एकही लढत हरलेला नव्हता. त्याच्याशी लढण्याआधी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याच्या लढतींचे चित्रपट लक्षपूर्वक पाहिले. लुईस डाव्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, उत्तम मारी. पण मारल्यावर हात हनुवटीकडे परत आणण्याऐवजी तो खाली सोडी. श्मेलिंगने नेमक्या त्या क्षणी, त्या जागेवरून उजवा ठोसा मारायचे ठरवले. बाराव्या फेरीत लुईस चीत झाला. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, लुईसने याच श्मेलिंगला पहिल्याच फेरीत २ मिनिटे ४ सेकंदांत हरवले. तेव्हा दोष निव्वळ वळणाचा नसतो. हात निघण्याआधी काय करतो, दुसरा हात कुठे असतो आणि मारलेला हात कोणत्या वाटेने परत येतो, यावर सारे ठरते.

दक्षिण चीनमधील 'चॉय ली फट' या युद्धकलेत तर लांब, फिरवलेले ठोसे हाच पाया आहे. चान हेउंग यांनी ती १८३६ साली सुरू केली. तिथले शिकवणारे म्हणतात, समोर उभे राहून हात फिरवूच नका. आधी समोरच्याच्या रेषेतून बाजूला सरका, आणि एक हात जातो न जातो तोच दुसरा निघू द्या. त्याच प्रांतातली 'विंग चुन' ही कला याच्या अगदी उलट. तिचा सारा भर अंगाच्या मधल्या रेषेतून जवळून मारलेल्या सरळ ठोशांवर. ब्रूस ली हा प्रसिद्ध नट हाँगकाँगमध्ये आधी हीच कला शिकला.

आता तुमच्या वर्गातल्या सराव लढतीकडे येऊ. सराव लढत जिंकायची नसते. आपण कुठे उघडे पडतो, हे तिथे शोधायचे असते. म्हणून दोघेही हातचे राखून मारतात. तुमचा हात फिरत गेला आणि हनुवटी मोकळी राहिली, तर चांगला जोडीदार तिथे नुसती मूठ टेकवतो. तेवढ्याने तुम्हाला कळते. मात्र फिरवलेल्या ठोशाचा जोर आवरणे फार अवघड असते. सरळ हात वाटेत थांबवता येतो. अंगासकट सुटलेला हात थांबत नाही. शिवाय त्याचा नेम चुकतो. जोडीदाराने मान वळवली, की तो कानामागे किंवा डोक्याच्या मागच्या भागावर बसतो. तिथे मारायला मुष्टियुद्धाच्या नियमांनुसार सक्त मनाई आहे. डोक्यावरचे संरक्षक टोप कातडी फाटू देत नाही, पण कवटीच्या आतला मेंदू हादरायचा थांबत नाही. म्हणजे नवशिक्याच्या फिरत्या हातामुळे तो स्वतः उघडा पडतोच, पण जास्त धोका त्याच्या मित्राला असतो.

अली सरावातही जोडीदारांना आपल्याला मारू देत असे. अंग मार सोसायला तयार होते, असे त्याला वाटे. १९८४ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याला कंपवाताचा आजार असल्याचे निदान झाले. पुढे त्याचे हात थरथरत आणि बोलणे अडखळे. तो २०१६ साली वारला. डोक्याला वारंवार मार बसणे मेंदूला घातक असते, याविषयी डॉक्टरांना शंका नाही.

आणि फोरमनचे काय झाले? किन्शासानंतर वीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो अमेरिकेतील लास वेगास येथे पुन्हा जगज्जेतेपदासाठी उतरला. समोर २६ वर्षांचा मायकेल मूरर होता. किन्शासात घातलेलीच लाल चड्डी फोरमनने त्या रात्रीही घातली होती. नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या गुणांत मूरर पुढे होता. दहाव्या फेरीत फोरमनने डावा जॅब मारला आणि त्याच्यामागोमाग उजवा. या वेळी उजव्या हाताने वळसा घेतला नाही. तो आखूड, सरळ, मधल्या वाटेने गेला आणि मूररच्या हनुवटीवर बसला. मूरर उठला नाही. फोरमनच्या कोपऱ्यात त्या रात्री प्रशिक्षक अँजेलो डंडी उभे होते. किन्शासात ते अलीच्या कोपऱ्यात होते.