खाजेचे मापन, सोरायसिसमधील

सोरायसिस या चिरकारी त्वचारोगात सुटणाऱ्या खाजेची (कंडूची) तीव्रता ठरविण्याच्या पद्धती. खाज म्हणजे खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना, ही सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्यांनी १६६० मध्ये केलेली व्याख्या आजही ग्राह्य मानतात. या रोगाचे नाव ‘प्सोरा’ (खाज) या ग्रीक शब्दावरून आले आहे; तरीही सोरायसिसमध्ये खाज फारशी नसते, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. निरनिराळ्या पाहण्यांत मात्र सु. ६० ते ९० टक्के रुग्णांना खाजेचा त्रास होत असल्याचे आढळले आहे.

मापनातील अडचण : ताप तापमापकाने मोजता येतो, खाज फक्त रुग्णालाच जाणवते. रोगाची तीव्रता ठरविण्यासाठी वापरला जाणारा ‘पासी’ निर्देशांक टी. फ्रेड्रिकसन व यू. पेटरसन यांनी १९७८ मध्ये मांडला. त्यात चट्ट्यांची लाली, जाडी, खवले व व्याप्ती यांवरून ० ते ७२ गुण देतात. खाजेला त्यात स्थान नाही. शिवाय डोके व मान या विभागाचा भार ०.१ एवढाच असल्यामुळे केवळ डोक्याच्या त्वचेवर रोग असलेल्या रुग्णाचा निर्देशांक ७.२ च्या वर जाऊच शकत नाही. १० पेक्षा अधिक निर्देशांक तीव्र रोगाचा निदर्शक समजण्याचा प्रघात आहे. त्यामुळे असा रुग्ण खाजेने रात्ररात्र जागत असला, तरी या निर्देशांकानुसार त्याचा रोग तीव्र ठरत नाही.

पद्धती : (१) दृश्य मापश्रेणी : १० सेंमी. लांबीच्या रेषेचे एक टोक ‘खाज नाही’ व दुसरे ‘कल्पनेतील सर्वाधिक खाज’ दर्शविते. रुग्ण रेषेवर खूण करतो व तिचे पहिल्या टोकापासूनचे अंतर मोजतात. ३ पेक्षा कमी मूल्य सौम्य, ३ ते ७ मध्यम, ७ ते ९ तीव्र व ९ पासून पुढे अतितीव्र खाज दर्शविते. (२) अंकीय मापश्रेणी : गेल्या २४ तासांतील सर्वांत तीव्र खाजेला रुग्ण ० ते १० पैकी एक अंक देतो. ही पद्धत तोंडी प्रश्नानेही वापरता येते. (३) शाब्दिक मापश्रेणी : ‘नाही’, ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ यांसारख्या शब्दांतून रुग्ण निवड करतो.

एका अंकात खाजेचे सर्व स्वरूप सामावत नाही. म्हणून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचमितीय मापश्रेणीत कालावधी, तीव्रता, बदलाची दिशा, दैनंदिन जीवनातील अडथळा आणि शरीरावरील विस्तार यांचा विचार करून ५ ते २५ गुण देतात. ए. वाय. फिनले व जी. के. खान यांच्या त्वचारोग जीवनमान निर्देशांकातील (१९९४) दहा प्रश्नांपैकी पहिला प्रश्न खाज, वेदना व चुणचुण यांविषयीचा आहे. मनगटावर बांधलेल्या गतिमापकाने रात्रीच्या हालचाली नोंदविता येतात. परंतु त्यातून खाजविणे मोजले जाते, खाज नव्हे.

अर्थनिर्णय : अंकीय मापश्रेणीवर किमान ४ अंकांची घट झाल्यास उपचाराचा लाभ अर्थपूर्ण मानतात. दोन रुग्णांच्या अंकांची परस्परांशी तुलना करण्यापेक्षा एकाच रुग्णाच्या क्रमवार नोंदी अधिक उपयुक्त ठरतात. प्रश्नावलीचे भाषांतर करताना दक्षता आवश्यक असते. मराठीत खाज, आग व चुणचुण या संवेदना वेगळ्या मानल्या जातात आणि त्यांची सरमिसळ झाल्यास मापनच सदोष होते. चट्टे कमी झाले म्हणजे खाजही गेली असे गृहीत न धरता प्रत्येक भेटीत ती स्वतंत्रपणे विचारून नोंदविणे, हे या मापनाचे मुख्य प्रयोजन होय.