विश्लेषण : लोकप्रशासन आणि ज्यू अध्ययन… अमेरिकेत या दोन पदव्या एकत्र का शिकवतात?

'एमपीए करतोय' असे कुणी सांगितले की आपल्याकडे समोरचा आधी 'एमबीए?' विचारतो आणि मग 'एमपीएससी?'. दोन्ही नाही. एमपीए म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक अॅडमिनिस्ट्रेशन, अर्थात लोकप्रशासनातील पदव्युत्तर पदवी. सरकारी खाते, महापालिका, सार्वजनिक रुग्णालय किंवा स्वयंसेवी संस्था चालवायची कशी, हे त्यात शिकवतात. अमेरिकेत या पदवीला कायदा, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांची जोड देता येते. त्यातलीच एक जोड ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकते, ती म्हणजे ज्यू अध्ययन. अर्थसंकल्पाचे तक्ते आणि हिब्रू ग्रंथ एकाच विद्यार्थ्याच्या दप्तरात कशासाठी?

हा अभ्यासक्रम नेमका काय आहे?

ठळक उदाहरण न्यूयॉर्क विद्यापीठाचे. तेथील वॅग्नर स्कूलची एमपीए आणि स्करबॉल विभागाची हिब्रू व ज्यू अध्ययनातील एमए यांची सांगड घालून दुहेरी पदवी आखण्यात आली. (वॅग्नर हे नाव १९५४ ते १९६५ या काळात न्यूयॉर्कचे महापौर राहिलेल्या रॉबर्ट वॅग्नर यांचे.) एमपीएच्या बाजूने संख्याशास्त्र, सूक्ष्म अर्थशास्त्र, वित्तीय व्यवस्थापन, धोरण विश्लेषण हे विषय येतात. शेवटी एखाद्या खऱ्या संस्थेसाठी गटाने प्रकल्प करायचा असतो. एमएच्या बाजूने ज्यूंचा इतिहास, ग्रंथपरंपरा आणि हिब्रू. काही क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे वेगवेगळ्या दोन पदव्यांपेक्षा वेळ आणि पैसा थोडा वाचतो.

ही कल्पना नवी नाही. हिब्रू युनियन कॉलेजने १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला ज्यू समाजसेवेचे स्वतंत्र विद्यालय काढले. पुढच्याच वर्षी बोस्टनजवळच्या ब्रँडाइज विद्यापीठात हॉर्नस्टीन अभ्यासक्रम सुरू झाला.

गरज का पडली?

अमेरिकेत ज्यू समाजाचे सार्वजनिक जीवन बरेचसे स्वयंसेवी संस्थांवर उभे आहे. रुग्णालये, वृद्धाश्रम, शाळा, निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्था, समाजकेंद्रे आणि या सगळ्यांसाठी एकत्र निधी उभारणारी 'फेडरेशन'. असे पहिले फेडरेशन १८९५ मध्ये बोस्टनमध्ये स्थापन झाले. आज या संस्थांचा कारभार एखाद्या नगरपालिकेसारखा चालतो. सरकारी कंत्राटे, लेखापरीक्षण, कामगार कायदे, सगळे आलेच. तो सांभाळायला धर्मपंडित अपुरा पडतो, आणि नुसता व्यवस्थापक आणला तर ही संस्था मुळात का काढली, हे त्याला ठाऊक नसते.

कारभार चुकला तर काय होते, हे न्यूयॉर्कने २०१५ मध्ये पाहिले. 'एफईजीएस' ही संस्था १९३४ च्या मंदीत ज्यू बेरोजगारांना काम मिळवून देण्यासाठी निघाली. पुढे ती सर्वधर्मीयांसाठी मानसिक आरोग्य, अपंगांची निवासगृहे, रोजगार प्रशिक्षण अशी कामे करू लागली. वर्षाला लाखाहून अधिक लोक तिच्याकडे येत आणि तिचा बहुतांश पैसा सरकारी कंत्राटांतून येई. मग हिशेबात सुमारे १ कोटी ९४ लाख डॉलरची तूट उघड झाली आणि काही महिन्यांत ८० वर्षांची संस्था दिवाळखोरीत गेली. तिचे कार्यक्रम घाईघाईने दुसऱ्या संस्थांकडे सोपवावे लागले. सेवाभाव होता, पण तेवढ्याने खर्चाचा मेळ बसत नाही.

मग ज्यू अध्ययनाचा काय उपयोग?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना या लेखकाला (शिक्षणाने इंजिनीअर) सर्वाधिक आश्चर्य वाटले. सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात गरिबांसाठीच्या निधीचे नियम आहेत आणि ते वाचताना थेट शासन निर्णय वाचल्यासारखे वाटते. गावाचा साप्ताहिक निधी, ज्याला 'कुप्पा' म्हणत, दोघांनी मिळून गोळा करायचा आणि तिघांनी मिळून वाटायचा. दोघे का? तर वसुली हा अधिकार आहे आणि तो एकट्याच्या हाती नको. तिघे का? तर कुणाला किती द्यायचे हा न्यायनिवाडाच आहे आणि पैशांच्या खटल्याला तीन न्यायाधीश लागतात. पात्रतेचे निकषही आहेत. ज्याच्याकडे दोन वेळच्या जेवणाची सोय आहे त्याने रोजच्या अन्नछत्रातून घ्यायचे नाही. चौदा जेवणांची सोय असेल त्याने साप्ताहिक निधीतून घ्यायचे नाही. पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डाचा वाद ज्या राज्याला पाठ आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत वरची पायरी गुप्तदानाची नाही. माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा हात पसरावा लागणार नाही असे करणे, ही ती पायरी. या दानाला 'त्झेदाका' म्हणतात आणि हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूवरून आला आहे. म्हणजे देणे ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे. निधी उभारणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक कळला, तर देणगीदाराशी तो वेगळ्या भाषेत बोलेल.

ज्यू नसलेल्यांना प्रवेश मिळतो का?

विद्यापीठातील ज्यू अध्ययन विभाग धर्मशिक्षण देत नाहीत. रब्बी होण्याचा मार्ग वेगळा. त्यामुळे धर्माची अट नाही. हिब्रूची तयारी मात्र हवी आणि शून्यापासून सुरुवात करणाऱ्याचा यातच घाम निघतो. भारतीय विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. एफ-१ व्हिसावर पदवीनंतर साधारणपणे एक वर्ष काम करता येते आणि दोन वर्षांची वाढ फक्त 'स्टेम' यादीतील पदव्यांना मिळते. हिब्रूची एमए त्यात येण्याची शक्यता नाही. एमपीएचे विद्यापीठागणिक वेगळे असते. त्यातच स्वयंसेवी क्षेत्रातला पगार सॉफ्टवेअरसारखा नसतो. एका पदवीचेच कर्ज डोक्यावर असताना दुसरी घ्यायची तर आधी शिष्यवृत्तीची खात्री करायला हवी. असे अभ्यासक्रम वेळोवेळी बदलतात किंवा थांबवले जातात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची माहिती दोन्ही विभागांकडे तपासावी.

महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे जुन्या काळचे 'शनिवार तेली', घरी मराठीच बोलत आले. मुंबईचे १९३७-३८ चे महापौर डॉ. ई. मोझेस याच समाजातले. महालक्ष्मीजवळचा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. आता हा समाज काही हजारांवर आला आहे. १९१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटी मुंबईत या समाजासोबत काम करते. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. जुनी सिनेगॉग राखणे, वृद्धांची काळजी, अल्पसंख्याक योजनांचे अर्ज भरणे, या कामांना शासकीय कागद वाचता येणारा आणि शब्बाथला कोणती बैठक ठेवू नये हे ठाऊक असणारा माणूस लागतो.