एक वही की अनेक वह्या?



ऊर्जानगरात राहणाऱ्याला विजेच्या जाळ्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. आपल्या केंद्रातील जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते, आणि त्याच जाळ्यावरची दूरदूरची जनित्रेही ५० हर्ट्झच्या त्याच तालाशी बांधलेली असतात. मुंबईत मागणी एकदम वाढली की हा ताल किंचित मंदावतो. संचाच्या गव्हर्नरला ते जागच्या जागी कळते आणि वाफेची झडप थोडी उघडते. त्यासाठी कोणाच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. कळव्याचे भार प्रेषण केंद्र मागाहून सर्वांचा मेळ घालते. तातडीचे काम जागेवर आणि हिशेबाचा मेळ केंद्रात, अशी ही वाटणी आहे.

संगणकांच्या जाळ्यात पुष्कळदा याच्या उलट करतात. खरी वही एकच, तीही दूरच्या शहरात. बाकीच्यांनी दर वेळी तिला विचारायचे. संपर्क तुटला की काम बंद! बरे, जागोजाग प्रती ठेवाव्यात, तर दोन प्रतींत दोन आकडे होण्याची भीती. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ साली सिद्ध केले की, संपर्क तुटला असता प्रत्येकाला उत्तरही मिळावे आणि सर्व प्रती एकसारख्याही राहाव्यात, हे दोन्ही साधत नाही.

मग सोडायचे काय? ते व्यवहार पाहून ठरवावे. एकाच शिल्लकेतून दोन ठिकाणी पैसे निघत असतील, तर थांबणेच बरे. हजेरीचे तसे नाही. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले. गडचिरोलीच्या जंगलात जेथे संपर्कच मिळत नाही, तेथे नोंद आधी फोनमध्ये राहावी आणि मागाहून जावी, हेच योग्य. प्रत्येक नोंदीवर मजूर, दिवस आणि वेळ यांची खूण असली, की ती दोनदा पोचली तरी एकदाच मोजली जाते. मागेपुढे पोचली तरी बेरीज बदलत नाही. चूक झाली तर जुनी नोंद खोडू नये, दुरुस्तीची नवी नोंद करावी. मात्र मजुरी ठरवताना काम केव्हा झाले ते पाहावे, निरोप केव्हा पोचला ते नव्हे.

म्हणून नवी यंत्रणा येईल तेव्हा आपण प्रथम एवढेच विचारावे: संपर्क तुटला, तर नुकसान कोणी सोसायचे? ते मजुराच्या माथी येत असेल, तर वही कोठे ठेवायची याचा निर्णय पुन्हा करायला लावला पाहिजे.