मृत्तिका : नाव एक, द्रव्ये अनेक

औषधनिर्माणशाळेत पारद, गंधक, अभ्रक यांच्या ग्राह्याग्राह्यतेविषयी जितकी दक्षता घेतली जाते, तितकी मृत्तिकेविषयी सहसा घेतली जात नाही. माती ती माती, तिचे काय परीक्षण करावयाचे, अशी एक समजूत रूढ झालेली दिसते. वास्तविक मृत्तिका आपल्या व्यवहारात चार वाटांनी येते. गैरिकाच्या रूपाने ती रुग्णाच्या पोटात जाते, लेपाच्या रूपाने त्वचेवर लागते, कपडमिट्टी, मूषा व संधिबंधन यांच्या रूपाने भट्टीवर चढते आणि केओलीन, बेंटोनाइट अशा सहायक द्रव्यांच्या रूपाने आधुनिक कल्पांत शिरते. या चारही ठिकाणी लागणारी माती एकच नव्हे. कोणती माती कोठे योग्य व कोठे घातक, हे ठरविण्यासाठी तिचे गुणधर्म व वर्गीकरण जाणून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह केला आहे.

मृत्खनिजांची घडण

चिकणमातीचा मुख्य घटक म्हणजे मृत्खनिजे. ही बहुतांशी ॲल्युमिनियमची अथवा मॅग्नेशियमची जलयुक्त सिलिकेटे होत. त्यांचे कण अतिसूक्ष्म, साधारणतः दोन मायक्रॉनहून लहान असतात. त्यांची रचना पोथीच्या पानांसारखी पत्रमय असते. सिलिका चतुष्फलकांचा एक पत्रा आणि ॲल्युमिना अष्टफलकांचा दुसरा पत्रा असे दोन प्रकारचे पत्रे एकमेकांवर रचून एक थर बनतो. हे पत्रे किती व कोणत्या क्रमाने रचले आहेत, यावरच मातीचा स्वभाव ठरतो.

या खनिजांतील पाणी दोन प्रकारचे असते. एक, थरांच्या मध्ये व कणांच्या पृष्ठभागावर धरून ठेवलेले. ते साधारण १०० ते २०० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत निघून जाते आणि माती पुन्हा भिजविल्यास बहुधा परत येते. दुसरे, हायड्रॉक्सिल रूपाने स्फटिकाच्या घडणीतच गुंतलेले. केओलिनाइटमध्ये ते सुमारे १४ टक्के असते आणि ५०० ते ६०० अंशांच्या आसपासच बाहेर पडते. हे दुसरे पाणी एकदा गेले की मातीची मूळ घडण मोडते. ती पुन्हा भिजविली तरी पूर्वीसारखी मळता येत नाही. कच्ची माती आणि भाजलेले खापर यांतील भेद तो हाच.

वर्गीकरण

१. केओलीन वर्ग : यात एक सिलिकेचा व एक ॲल्युमिनाचा पत्रा मिळून थर बनतो. थरांतील बंध घट्ट असल्याने पाणी आत शिरत नाही व माती फुगत नाही. चिनी मातीचे मुख्य खनिज केओलिनाइट हे याच वर्गातले. चीनमधील जिंगडेझेननजीकच्या गावलिंग या ठिकाणावरून केओलीन हे नाव पडले. आपल्या कोकणातील जांभ्या दगडाच्या प्रदेशातही हे खनिज आढळते.

२. स्मेक्टाइट वर्ग : यात दोन सिलिका पत्र्यांमध्ये एक ॲल्युमिनाचा पत्रा असतो. थरांवर ऋणभार असून त्यांच्यामध्ये सोडियम, कॅल्शियम अशी धनायने व पाणी राहते. फ्रान्समधील माँटमोरिलॉन गावावरून नाव पडलेले माँटमोरिलोनाइट हे या वर्गातील प्रमुख खनिज, आणि त्याचे प्रमाण अधिक असलेली माती म्हणजे बेंटोनाइट. देशावरील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचे कारण हेच खनिज होय.

३. इलाइट वर्ग : रचना स्मेक्टाइटप्रमाणेच, परंतु थर पोटॅशियमने जखडलेले. म्हणून ही माती फुगत नाही.

४. तंतुमय वर्ग : पॅलिगोर्स्काइट अथवा ॲटापल्गाइट आणि सेपिओलाइट. यांच्या घडणीत नळ्यांसारख्या पोकळ्या असतात व त्यांत पाणी आणि अन्य रेणू अडकतात.

पहिल्या दोन वर्गांतील अंतर आकड्यांनी स्पष्ट होते. केओलिनाइटची धनायन विनिमयाची क्षमता १०० ग्रॅमला ३ ते १५ मिलिसममूल्य, तर माँटमोरिलोनाइटची ८० ते १२० च्या घरात असते. एक ग्रॅम केओलिनाइटचा पृष्ठभाग सामान्यतः १० ते २० चौरस मीटर, तर माँटमोरिलोनाइटच्या थरांतील पृष्ठभाग धरल्यास तो ७०० चौरस मीटरांहून अधिक भरतो. अर्थात एक माती पोटात गेल्यावर बहुतांशी उदासीन राहील, तर दुसरी भेटेल त्या द्रव्याला धरून ठेवील.

येथे मुलतानी मातीविषयी एक खुलासा आवश्यक आहे. हे कोणा एका खनिजाचे नाव नसून कामावरून पडलेले व्यापारी नाव आहे. लोकरीतील व कापडातील तेलकटपणा शोषणारी माती ती ही. ती कोठे स्मेक्टाइटप्रधान, तर कोठे पॅलिगोर्स्काइटप्रधान असते. त्यामुळे गोणीवरचे नाव तेच असूनही दोन खाणींतील माल गुणाने भिन्न असू शकतो.

शास्त्रोक्त विचार

आपल्या आचार्यांनी मृत्तिकेचा विचार घडणीवरून न करता कर्म व संस्कार यांवरून केला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात शोणितस्थापन महाकषायात गैरिकासोबत मृत्कपाल, म्हणजे भाजलेल्या मातीचे खापर, सांगितले आहे. पुरीषविरजनीय महाकषायात भृष्टमृत् आहे. याउलट चिकित्सास्थानातील पांडुरोगाध्यायात मृद्भक्षण हे पांडूच्या पाच प्रकारांपैकी एकाचे कारण म्हणून येते. तेथे कषाय रसाची माती वातास, क्षारयुक्त माती पित्तास व मधुर माती कफास प्रकुपित करते, तसेच खाल्लेली माती न पचताच स्रोतसांचा रोध करते, असे वर्णन आहे.

ही स्थळे एकत्र वाचली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. औषध म्हणून सांगितलेली माती अग्निसंस्कारित आहे, तर रोगाचे कारण म्हणून सांगितलेली माती सेवन केलेली कच्ची माती आहे. तव्यावर भाजलेली माती आणि कुंभाराच्या आव्यातील खापर यांतही पायरीचा भेद आहे. पहिल्या संस्काराने मुख्यतः मोकळे पाणी जाते, तर दुसऱ्याने स्फटिकाचीच घडण बदलते. म्हणून मृत्कपालाच्या जागी कच्ची अथवा नुसती शेकलेली माती वापरणे शास्त्रसंमत म्हणता येणार नाही.

रसरत्नसमुच्चयात गैरिकाचा समावेश आठ उपरसांत केला असून पाषाणगैरिक व स्वर्णगैरिक असे त्याचे दोन भेद सांगितले आहेत. पाषाणगैरिक कठीण व ताम्रवर्ण, तर स्वर्णगैरिक अतिरक्त, स्निग्ध व मसृण असावे. खनिजदृष्ट्या गेरू म्हणजे हेमाटाइट हे लोहाचे ऑक्साइड आणि मृत्खनिजे यांचे नैसर्गिक मिश्रण होय. रक्तवर्ण लोहाचा, तर बोटांना जाणवणारा मऊपणा त्यातील सूक्ष्म कणांचा. स्वर्णगैरिक, सुंठ व नागवेलीच्या पानांचा रस यांपासून सिद्ध होणारा लघुसूतशेखर महाराष्ट्रातील वैद्यांच्या नित्य वापरातला आहे. तेव्हा त्यातील गैरिक कोणत्या प्रतीचे आहे, हा प्रश्न दुय्यम नव्हे. विटेच्या भुकटीची भेसळ असल्यास चूर्ण बोटांत खरखरते आणि पाण्यात खलल्यावर जड कण लगेच तळाशी बसतात. भट्टीतून निघाल्यामुळे त्यात मसृणता येत नाही.

नावांचा गोंधळ सौराष्ट्रीच्या बाबतीतही संभवतो. रसशास्त्रात सौराष्ट्री हा कांक्षीचा, म्हणजे तुरटीचा, पर्याय मानला जातो, तर द्वारकेकडील गोपीचंदन हीही सौराष्ट्रातीलच माती. परीक्षा मात्र सोपी आहे. तुरटी पाण्यात विरघळते, माती विरघळत नाही.

भट्टीवरील माती

कूपीपक्व रसायनांसाठी काचकूपीवर मुलतानी माती व सुती कापड यांचे सात थर देण्याची पद्धत आहे. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावयाचा, या नियमामागे मातीचा स्वभाव आहे. स्मेक्टाइटप्रधान माती चिकट व सुघट्य असल्याने काचेला आणि कापडाला उत्तम धरते, परंतु वाळताना फार आकसते. एकदम जाड थर दिल्यास त्याला तडे जातात. पातळ थरांत हे आकसणे कापडाचे तंतू सांभाळून घेतात. ओल आत राहिल्यास तिची वाफ होऊन आवरण सुटते आणि मऊ पडू लागलेल्या काचेला आधार उरत नाही. अशा वेळी कूपी फुटली, तर पारद, गंधक व श्रम तिन्ही वाया जातात, शिवाय पारदाच्या वाफेचा धोका कामगारांना पोहोचतो.

बेंटोनाइट अधिक चिकट म्हणून तेवढेच वापरण्याचा मोह टाळावा, कारण ते सर्वांत अधिक आकसते. नुसते केओलीन आकसत कमी असले तरी काचेवर धरत नाही. मूषेचा विचार निराळा आहे. तेथे दीर्घकाळ अग्नी सहन करणारी माती हवी. म्हणून ग्रंथांत पांडुर, चिराध्मानसह माती सांगून तीत जाळलेला तूस, ताग व घोड्याची लीद मिसळण्यास सांगितले आहे. तंतूंमुळे तडे आवरतात, तुसातील सिलिका अग्निसहत्व वाढविते. केओलिनाइट १७०० अंशांच्याही पुढे टिकते, तर लोह, सोडियम व पोटॅशियमयुक्त माती त्याआधीच वितळू लागते.

रुग्णाच्या दृष्टीने

अधिशोषण हा मृत्तिकेचा मोठा गुण आहे आणि तोच तिचा दोषही होतो. पॅराक्वाट या तणनाशकाच्या विषबाधेत मुलतानी मातीच्या वर्गातील माती व बेंटोनाइट यांचा उपयोग याच गुणामुळे केला गेला आहे. पण विष धरणारी माती औषधही धरते. केओलीनयुक्त औषधांसोबत लिंकोमायसिन, डिगॉक्सिन व क्लोरोक्विन यांचे शोषण कमी होते, हे नोंदविले गेले आहे. आपल्या द्रव्यांतील अल्कलॉइडे धनभारित असल्याने ऋणभारित मातीला चिकटण्याचा त्यांचा कल असतो. अतिसारात कुटज आणि कच्ची माती असलेला कल्प एकाच वेळी दिल्यास कुटजाचे कार्य उणावण्याची शक्यता तत्त्वतः राहते. म्हणून मृत्तिकाप्रधान औषध आणि अन्य औषध यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर ठेवावे, आणि रुग्ण हृदयरोगाची वा अन्य आधुनिक औषधे घेत असल्यास आवर्जून विचारावे.

पांडूच्या रुग्णास, विशेषतः गर्भिणीस व बालकास, माती, भाजलेली खापरी किंवा पाटीवरची पेन्सील खाण्याची सवय आहे काय, हा प्रश्न टाळू नये. लोहाच्या न्यूनतेत माती खाण्याची इच्छा उत्पन्न होते आणि काही मृत्खनिजे अन्नातील लोह धरून ती न्यूनता वाढवितात. असे दुष्टचक्र सुरू असता केवळ मंडूर वा लोहकल्प देऊन पुरेसे यश येत नाही. चरकांनी आधी बलानुसार शोधनाने माती बाहेर काढण्यास, मग सिद्ध घृते देण्यास आणि सवय सुटत नसल्यास विडंग, अतिविषा, निंब, पाठा इत्यादींनी भावित माती देऊन तिच्याविषयी द्वेष उत्पन्न करण्यास सांगितले आहे. क्रम अत्यंत व्यवहार्य आहे.

शिशाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. निसर्गातून काढलेल्या मातीत शिसे, आर्सेनिक यांचे अंश असू शकतात. फ्रान्समधील औषधनियंत्रक संस्थेने २०१९ मध्ये याच कारणास्तव दोन वर्षांखालील बालकांच्या अतिसारात मृत्तिकायुक्त औषधे न वापरण्याची सूचना केली. मातीतील जंतू उष्णतेने नष्ट होतात, शिसे मात्र भाजल्याने जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी हाच मार्ग आहे. बालकांना, गर्भिणींना व स्तनदा मातांना पोटातून कच्ची माती देऊ नये, हे उत्तम.

लेपाविषयी सुश्रुतांनी वाळलेला लेप, पीडनाचा हेतू नसल्यास, अंगावर ठेवू नये असे सांगितले आहे. ओली माती स्निग्धांश व क्लेद शोषते, पण वाळल्यावर आकसून त्वचेस ओढते व रूक्ष करते. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असू शकतात. म्हणून उघड्या व्रणावर किंवा नवजाताच्या नाळेवर असंस्कारित माती कदापि लावू नये.

औषधशाळेसाठी काही सोप्या परीक्षा

१. आम्लपरीक्षा : चूर्णावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. बुडबुडे आल्यास खडू अथवा चुन्याचा अंश आहे.

२. निथळण : चूर्ण भरपूर पाण्यात ढवळून क्षणभर थांबून वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे. तळाशी राहील ती वाळू.

३. फुगण्याची परीक्षा : मोजनळीतील पाण्यावर थोडथोडे चूर्ण भुरभुरावे. सोडियम बेंटोनाइट कित्येक पट फुगते, कॅल्शियमयुक्त त्याहून पुष्कळ कमी, केओलीन जवळजवळ नाहीच.

४. आकुंचन : ओल्या मातीची मोजलेली पट्टी करून वाळवावी. लांबीतील घट व तडे यांवरून कपडमिट्टीची योग्यता कळते.

५. धूळ : कोरड्या मातीतील स्फटिकी सिलिका फुप्फुसांना घातक आहे. माती ओली करूनच मळावी व चाळताना कामगारांना योग्य मुखपट्टी द्यावी.

प्रत्येक नव्या मालाचा नमुना, खाणीचा अथवा पुरवठादाराचा उल्लेख आणि वरील परीक्षांची नोंद ठेवल्यास मागील माल व नवा माल यांतील फरक त्वरित ध्यानी येईल. पोटात द्यावयाच्या गैरिकाची जड धातूंसाठी तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी. कपडमिट्टीची गोणी व औषधी मृत्तिकेची बरणी एका कोठारात शेजारी न ठेवता त्यांवर उपयोग स्पष्ट लिहावा. आचार्यांनी कपाल, भृष्टमृत्, गैरिक व भक्षिलेली माती यांस निरनिराळी नावे व निरनिराळी स्थाने दिली. ती भिन्नता आपल्या कोठारातही दिसावी, एवढेच वैद्यबंधूंना व औषधशाळाचालकांना सुचवावेसे वाटते.